मार्चअखेर, जांबोटी

एकोणीस वर्षं या टपाल कचेरीत
शिक्के मारतेय मी.
शाई कधी काळी, कधी जांभळी.
खिडकीबाहेर काय आहे विचाराल
तर बाहेर आहे:
बस थांबते ते,
लुमाण्णाची चहाची टपरी ते.

गुरुपाद आला माघात,
इंडीकडचा पोरगा, नवा पोस्टमन,
बाभळी-निंबांच्या मुलखातला.
पहिल्याच दिवशी ओलमणीचं टपाल वाटून परतला
आणि सायकल भिंतीला टेकवायच्या आधी,
"मॅडम, इदु याव गिडा री?
पान एकबी नाही, अंगभर काटे,
आणि नुसता लाल लाल वाट्या."
मी मान वर न करता म्हटलं,
असेल कायतरी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.
तिसऱ्या दिवशी खिशातून काढून
रजिस्टर्ड पत्रांच्या गठ्ठ्यावरच ठेवलं त्यानं फूल,
जाडजूड, ओलसर, मुंग्यांसकट.
सावर, म्हटलं. काटेसावर.
नाव कुठून आलं तोंडात कोण जाणे,
बहुतेक लहानपणच्या उशीतून.

मग रोजचंच झालं.
चापोलीच्या वाटेवर
फांदीलाच चिकटून बसलेले निळे-जांभळे झुबके: अंजनी.
हब्बनहट्टीच्या उताराला
जिथं साळुंक्या भांडत असतात तो: पांगारा.
काजूच्या मोहोरापाशी सायकल थांबवून
विचारलं म्हणे एका बाईला,
गूळ कुठं शिजायला लागलाय?
पळस मात्र त्यानंच मला सांगितला,
"मुत्तल री, मुत्तल!
आमच्याकडं ह्याच्या पानावर जेवतात,"
आणि थोडा वेळ गप्प झाला,
परगावच्या बाजारात
आपल्या गल्लीतलं माणूस दिसावं तसा.
बचतखात्याच्या रद्द फॉर्मच्या पाठीवर
पळसाखाली मी लिहिलं, मुत्तल.

उरलं एकच झाड.
कचेरीच्या मागचं,
ज्याच्या सावलीत माझी गाडी उभी असते,
आणि दर वर्षी या दिवसांत
सीटवर पडलेले केसाळ, गुलाबी-पांढरे कुंचे
मी घरी निघताना फडक्यानं झटकते.
"हे?" त्यानं विचारलं.
मला येईना.

लुमाण्णानं टपरीतूनच सांगितलं,
"कुंभा न्हवं ते! साल कुटून आमचा आजा
बंदुकीची वात करायचा.
फूल बघायचं तर रात्री यावा की, बाई.
तुमची कचेरी उघडस्तवर
त्येचं सगळं आटपलेलं असतंय."

एकतीस मार्चला हिशेब जुळेना.
अकरा रुपये. अकराच.
सात वाजले, आठ वाजले,
गुरुपाद बोट ठेवून आकडे वाचत होता, मी ऐकत होते,
त्याचे कन्नड, माझे मराठी,
आणि दोघांचे अकरा कमीच.
मग वीज गेली.

बाहेर आलो. डोळ्यांना काही दिसेना,
आधी वास आला, जरा आंबूस, जरा गोड,
मग वर कुठंतरी वटवाघळाची फडफड.
मोबाइलचा उजेड धरला त्यानं फांदीवर
आणि कळी उघडत होती.
घाई नव्हती तिला. 
पाकळ्या मागं सरत होत्या, आतून
शेकडो तंतू सुटे होत होते,
चुरगळलेलं काहीतरी
कुणी हातानं नीट करत असल्यासारखे.
गुरुपाद काहीच विचारत नव्हता.
मी म्हटलं, कुंभा.
तो म्हणाला, "हूं री."
एकोणीस वर्षांत, हिशेब केला तर,
पण तो हिशेब नको.

वीज आली. अकरा रुपये सापडले,
मीच एका पाच रुपयांचे सोळा वाचले होते.
गाडीपाशी गेले तर सीटवर
सकाळचे तीन कुंचे, कडेनं तपकिरी पडलेले.
फडकं डिकीतच राहिलं.
ते तीन पर्समध्ये टाकले,
चिल्लर असते त्या कप्प्यात,
आणि खानापूरच्या रस्त्याला लागले.
लाइटच्या उजेडात आज झाडं
एकेक करून पुढे येत होती.
काहींची नावं मला अजून
येत नाहीत.