साडेसात सेंटिमीटरवरचा अनुस्वार

खानापुरात, कचेरीसमोरच्या बोळात माझं दुकान.
टेबल, ब्लोअर, पेचकस तीन,
आणि ड्रम झाकायला मोडक्या छत्रीचं काळं कापड.
उजेड फार लागला की ड्रम आंधळा होतो,
माणसाच्या अगदी उलट.

कोण, कुठला, घाई किती, मी विचारत नाही.
कागद मागते.
मधल्या पट्ट्यात फिकं आलं असेल तर पावडर संपत आलीय,
डबी काढा, पाळण्यासारखी हलवा,
तीसेक पानं निघतील,
तोवर पैशाचं बघा.
उभी काळी रेघ असली तर आतल्या पात्याची कड गेली.
सगळा कागद धुरकटलेला असेल
तर वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा गळ्यापर्यंत भरलाय,
तो रिकामा करायचा असतो
हे लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

बुधवारी भरमू दस्तलेखक धावत आला,
कार्ट्रिज टॉवेलात गुंडाळलेलं, तान्ह्या पोरासारखं.
'अक्का, हे बघ की, काय करूलंय ते!'

तोपिनकट्टीच्या रवळू आणि सातेरीची वाटणी.
नोंदणीला कन्नड प्रत, घरात ठेवायला मराठी.
विहिरीकडचं शेत धाकट्याचं, सातेरीचं.
भरमूनं टाईप केलं होतं: शेत त्याचे.
छापून आलं: शेत त्यांचे.

मी पट्टी लावली.
ठिपक्यापासून खाली साडेसात सेंटिमीटर,
तिथं काजूच्या झाडांची झाली होती कांजूची झाडं.
आणखी साडेसात, तिथं ठिपका कोऱ्या जागेत,
कुणाच्याच डोक्यावर नाही.
कन्नड प्रतीवर तोच ठिपका
एका गोल अक्षराच्या पोटात पडला होता,
तिथं तो खपून गेला.

एवढ्याच अंतरानं परत येतो
म्हणजे दोष ड्रमवर.
ड्रमचा एक फेरा पुरा झाला की तीच जखम
पुन्हा कागदाला टेकते.
कापडाखाली, टॉर्च तिरकी धरून
मी हिरव्या अंगावर बोट फिरवलं, न टेकवता.
सापडली.
कागदाबरोबर कधीतरी स्टेपलरची पिन आत गेली असणार,
मोहरीच्या दाण्याएवढं टवकं उडालं होतं.

ड्रम बदलेपर्यंत भरमू बाकावर बसून बोलत होता.
सकाळी त्यानं दोघांना वाचून दाखवलं म्हणे.
'त्यांचे' आलं तसा रवळूनं तंबाखू मळायचा हात थांबवला.
सातेरी खिडकीबाहेर बघत राहिला.
चूक आहे असं
दोघांतलं कुणीच म्हणालं नाही.
'मग मीच म्हटलं, मशीनचं लफडं हाय, थांबा जरा.
बरोबर केलं का न्हाई?'

मी पाता पुसत होते.
बरोबर, म्हटलं. दस्त आहे.

नवा ड्रम, नवी पावडर, चाचणीची तीन पानं.
वाळूत ओढल्यासारखी स्वच्छ अक्षरं,
काजूची झाडं काजूची,
शेत त्याचे.
साडेतीनशे रुपये घेऊन भरमूला मार्गी लावला.

शटर ओढायच्या वेळेला सातेरी एकटाच आला.
चप्पल बाहेर काढून.
'सही झाली,' म्हणाला.
मग बराच वेळ कॅलेंडर बघितलं त्यानं.
'ते आधीचं पान हाय काय, बिघडलेलं?'

रद्दीतून काढून दिलं.
घडी घालताना ठिपका आतल्या बाजूला राहील
असं त्यानं दोनदा जुळवून बघितलं.
नको म्हणत असताना
टेबलावर दोन रुपयांचं नाणं ठेवून गेला,
एका झेरॉक्सचा दर.

टोनरचे हात गार पाण्यानं धुवायचे असतात.
गरम घेतलं की काळं कातडीत बसतं.
त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं,
माठातलं घेतलं, थोडं थोडं,
आणि नखं तशीच राहिली.