सहा व्होल्ट

कर्बी लॉन्सडेलला, सैतानाच्या पुलापाशी
रविवारी गाड्या ओळीनं उभ्या राहतात,
सगळ्या एकाच अंगाला कललेल्या,
पंगत बसलीय आणि वाढपी आलाच नाही, तशा.

क्रेग वळणावर गुडघा टेकवतो.
म्हणजे, तसं सांगतो.
गुडघ्यावरचं प्लास्टिक अजून कोरं आहे
आणि ग्लेनिस ते सगळ्यांना दाखवते.
ती स्वतः वळण घेते बशीतल्या चहासारखं,
न सांडता. तिच्या गाडीला तीन पेट्या,
एकीत नवऱ्याची राख आहे अशी वदंता.
ती म्हणते, स्टोव्ह आहे.

माझी होंडा पाचशे. तिच्याविषयी कुणी काही बोलत नाही.
मिरजेच्या मुलीला शोभेलशी, असं मीच म्हणते.
हसतात. मिरज कुठे, ते विचारत नाहीत.

आज विषय दिव्यांचा.
क्रेगचा एलईडी असा पांढराफेक
की मेंढीसुद्धा जागच्या जागी गुन्हा कबूल करेल.
ग्लेनिसचं मत, धुक्यात पांढरा उजेड
भिंत होऊन तोंडावर येतो; पिवळाच बरा.
ऑक्टोबरच्या उन्हात दिवे लावून
ते एकमेकांच्या पोटावर पाडून बघतात.

नॉरिस थ्वेट उशिरा बोलतो.
त्याची बीएसए छप्पन सालची, माझ्या आईच्या वयाची.
"माझा दिवा मंद झालाय.
मिडलटनपुढचा रस्ता हल्ली उजळत नाही."

लगेच सगळे गुडघ्यांवर.
अर्थिंग बघ. डायनॅमो उघड.
सहाचे बारा व्होल्ट करून टाक एकदाचे.
प्रेस्टनला एकजण रिफ्लेक्टरला चांदी चढवून देतो,
पैसे घेतो, पण देतो.
मी चहात बघत राहते.

शुक्रवारी सव्वाचारला, केंडलमध्ये,
माझ्या अंधाऱ्या खोलीत
हाच माणूस हनुवटी टेकवून बसला होता
आणि तिसऱ्या ओळीतली अक्षरं
न आलेल्या पाढ्यासारखी अंदाजानं ठोकत होता.
मी सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं.
नजरेच्या ऐन मधोमध पडलेला डाग
चष्म्यानं जात नाही.
गाडी चालवायची नाही, मिस्टर थ्वेट.
त्यानं टोपी घातली, आभार मानले,
आणि दाराची मूठ दोनदा चुकवली.

तिथलं तिथेच ठेवायचं, हा माझा पेशा.
तरी हातातला कागदी पेला चेपला गेला.
दहा मैल आला हा असा!
मेंढ्या, ट्रॅक्टर, सायकलवरची पोरं.

पाचला व्हॅनचं शटर पडलं.
एकेक आवाज टेकडीआड गेला.
नॉरिस उठला नाही.
मग म्हणाला, "हिला किल्ली नसते,
नाहीतर तुझ्या हातात दिली असती.
गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या.
सगळं उलटं. जमेल?"

चौथ्या किकला लागली.
माझी होंडा तिथेच राहिली, कललेली,
उद्या बसनं येऊन न्यावी लागणार.

कास्टरटन गेलं, अंधार झाला,
आणि दिवा खरंच मंद निघाला,
काच पुसायची राहिलेल्या कंदिलासारखा.
म्हणजे तो अगदीच खोटं बोलला नव्हता.
मला पुढचं काही दिसेना.

"आता डावं," कानामागून आवाज,
"लांबलचक आहे, घाई नको.
मग दगडी भिंत. भिंत संपली की खड्डा,
उजवीकडून काढ.
हं. आता सोड."

मी सोडलं.
आणि प्रत्येक गिअरच्या क्षणभर आधी
माझ्या टाचेमागे, रिकाम्या फूटरेस्टवर,
त्याचा उजवा पाय दाबला जात होता.