वावर तिसऱ्या मजल्यावर

कन्हानच्या पात्रात आमचं वावर होतं,
दिवाळीनंतर उघडायचं, मिरगाला बुडायचं.
सातबारा नाही. सयत्रा आत्या
टाचेनं रेघ ओढायची : इकडलं तुमचं, तिकडलं झिबलचं,
अन् भांडण झालंच तर पुढच्या पुरावर सोडायची.

हातभर उकरलं की ओल लागे.
त्या ओलीवर शेणखताची मूठ, टरबुजाचं बी.
रात्री कोल्हे यायचे; पिकलेलं कोणतं
ते त्यांनाच आधी कळायचं.

मग घाटाचा लिलाव झाला.
पोकलेन आलं. टिप्पर रात्रीचे, बिनादिव्याचे.
आता पुरुषभर खड्ड्यात हिरवट पाणी,
खाली नुसती चिकणमाती.
आत्या काठावर उभी राहून म्हणाली,
"रेघ कुठं ओढू गा?"

मी बेसाला चाळणी धरते.
परवा जाळीवर शिंपले राहिले, गोटे राहिले,
अन् एक काळं बी, चपटं.
चावून पाहिलं. पोचट.

मिस्त्री वरून ओरडला, माल पाठव.
पाठवला.
आमचं वावर दोरीनं वर चढत गेलं
तिसऱ्या मजल्यावर,
कोणाच्या तरी न्हाणीघराच्या भिंतीत.

तिथं ओल आली
तर लोक तक्रार करतील.