अर्धं पाऊल

मत्रहच्या बंदरामागे माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
शुक्रवारी संध्याकाळी शटर ओढून
मी चार नंबरच्या गोदामात घंटा वाजवायला जायचो.
तीन मिनिटं लढत, मिनिटभर विसावा.
अकरा वर्षं. मानधन म्हणजे कहवा आणि मूठभर खजूर.

तेव्हा मरहून बिन नासिबबद्दल हे जे सांगतोय
ते चाहता म्हणून नव्हे.
ज्यानं फक्त काट्याकडे बघायचं
त्या माणसाची ही साक्ष.

आधी उणं बोलतो.
उजवा हात जड नव्हता.
एकशे सात किलोच्या माणसाचा उजवा जड नसेल
तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतात.
एकतीस लढतींत समोरचा आडवा झाला चार वेळा,
त्यातला एक सकाळपासून ओकत होता.
सरावाला उशीर. हलव्याची कढई दिसली की पाय थबकायचे.
थंकच्चन चहावाला म्हणतो, म्हैस होती, नुसती म्हैस,
दोरखंडात डुंबायला उतरलेली.

आता पाय.
डावा मागे जायचा, पुरतं पाऊल नाही,
अर्धं.
समोरच्याचा ठोसा तिथे पोचायचा
बोटभर आखूड.
पुन्हा अर्धं, पुन्हा बोटभर.
पाचव्या फेरीपर्यंत समोरच्याचा खांदा
वाऱ्याला मारून मारून उतरलेला,
मग मरहून गळ्यात पडायचा,
जुना सोबती भेटावा तसा,
सगळं ओझं त्याच्या मानेवर टाकून
स्वतः तेवढ्यात दोन श्वास उसने घ्यायचा.
मिरजेच्या तालमीत आमचे वस्ताद सांगायचे, दम राख.
दुसऱ्याचाही वापरता येतो
हे मला इथे कळलं.

कुवेतला गुणांवर हरला. बहरीनला गुणांवर हरला.
पंच कानांनी मोजतात,
आणि चुकलेल्या ठोशाला आवाज नसतो.

शिवाय तो कुणाचा होता?
जंगबारहून आईच्या कडेवर आलेला,
चिडला की स्वाहिलीत शिव्या देणारा.
इथले म्हणत तिकडचा. तिकडे कुणी उरलं नव्हतं.
नावानं ओरडायला निदान एक गल्ली लागते.

एक गोष्ट राहिली. ती सांगायचीच नव्हती.

वहीत त्याच्या नावावर एक पराभव आहे,
सहावी फेरी, अजमानचा गडी, चितपट.
त्या फेरीला माझी घंटा
नऊ सेकंद उशिरा वाजली.
मी त्याचे पाय बघत होतो.
अर्धं, अर्धं, अर्धं,
हातातलं घड्याळ, जे मीच ऑइल केलेलं,
टिकटिकत पुढे गेलं
आणि सातव्या की आठव्या सेकंदाला
त्यानं हात खाली घेतले. फेरी संपली असं समजून.
त्याचा हिशोब बरोबर होता.

शनिवारी तो दुकानात आला,
डावा डोळा मिटलेला, काखेत आईचं भिंतीवरचं घड्याळ.
किती घेशील, म्हणाला.
दोन रियाल, म्हणालो.
दीड दे, म्हणाला. दीडवर तुटलं.
त्या रात्रीचा एक शब्द नाही.
साखरेच्या आजारानं गेला तोवर नाही.

परवा नातवाला घेऊन सीबच्या नव्या जिममध्ये गेलो होतो.
एसी, आरसे, काचेच्या बाटल्यांत हिरवं पाणी.
एक बलुची पोर, जेमतेम पंधराची,
ठोसा येताना डावा पाय मागे घेते,
अर्धा.
कुणी शिकवलं? सरांनी.
सरांना? त्यांच्या सरांनी.
त्यांना? ती हसली, पाणी प्यायला गेली.
मी नाव सांगायला तोंड उघडलं
तेवढ्यात त्यांची घंटा झाली. बरोब्बर वेळेवर. विजेवर चालते.

दुकानावर परतलो तर थंकच्चन बसलेला.
म्हैस, म्हणाला पुन्हा.
बरं. म्हैस.
पण तू केरळचा, पाण्याकाठचा माणूस,
पाण्यात उतरलेली म्हैस
कधी बघितली नाहीस का रे,
किती हलकी असते?