दारातला कान

साकाईत, उदबत्त्यांच्या दुकानामागच्या खोलीत
माझा मुलगा एकच अक्षर वीसदा गिरवतो आहे.
चौदा रेघा. दोन झडपांचं दार
आणि दारात, कुणी चप्पल विसरावी तसा, एक कान.

"म्हणजे चोरून ऐकायचं?"
कानोसा घ्यायचा, मी म्हणते. चोरून नाही.

बाबांना दोन वर्षं झाली, ऐकू येत नाही.
ते वही ओढून घेतात
आणि समासात काढतात हाडावर कोरलेलं जुनं रूप:
गुडघ्यांवर बसलेला माणूस,
हात तोंडाशी, कान डोक्याएवढा.

"दार कुठंय, आजोबा?"
ओठ वाचून सांगतात, "दार मागाहून आलं,
उच्चारापुरतं.
माणूस उठून गेला. कान तेवढा राहिला."

याच अक्षरानं आम्ही ऐकतो, याच अक्षरानं विचारतो,
आणि अगरूसुद्धा हुंगत नाही आम्ही,
ऐकतो.

रात्री बाबा राखेच्या वाटीवर तळहाताचं छप्पर धरतात.
खाली निखारा, वर तांदळाएवढा तुकडा.
तीन श्वास. मान किंचित कलती.

काय ऐकू येतंय, मी विचारते,
तेही पाठमोरी, कपाट आवरता आवरता,
ओठ दिसणार नाहीत अशी.

बऱ्याच वेळानं म्हणतात,
"थांब. अजून बोललेलं नाही."

वही उघडीच पडली आहे.
विसावं अक्षर अर्धं:
दार झालंय,
मुलगा झोपलाय.