साडेतीन पौंड

हिंगण्याच्या एमआयडीसीत एक शेड, त्यात माझं टेबल.
आत एसी विसावर बांधलेला,
बाहेर मे महिना, डांबर चपलेला सोडत नाही.
कारखान्यांतून गेज येतात गोणपाटात गुंडाळून,
तेलकट, काच तडकलेली,
एकाला तर कुणी लाल धागा बांधलेला.
मी पिस्टनवर वजनं चढवते, बोटानं हलकेच फिरवते,
ती तेलावर तरंगली की लिहिते:
एक बार, म्हणजे शंभर किलोपास्कल,
म्हणजे साडेचौदा पौंड,
म्हणजे किलोत एक, आणि वर चिमूटभर.
ही चिमूट सोडून दिली तरी चालते, असं मालक म्हणतात.
साठ बारवर तीच चिमूट किलोहून जड होते,
हे मी दर महिन्याला त्यांना सांगते.

बाबांना यातलं काहीच पटत नाही.
डोमाजी नंदनवार, मिलचे बॉयलर अटेंडंट, तिसरी पाळी.
विलायती गेज, पितळी, ताटाएवढं,
दीडशेवर लाल रेघ.
मिल गेली, रेघ राहिली.
गोळीबार चौकातल्या पंक्चरवाल्याला ते बत्तीस सांगतात,
त्याचं मीटर किलोचं, तो म्हणतो सव्वादोन,
आणि दोघं भर उन्हात भांडतात
एकाच हवेवरून.

हे सगळं आठवायचं कारण मंगळवार.
डॉक्टर मुंधडांनी दंडावर पट्टा आवळला,
फुगा दाबला, सोडला, म्हणाले,
एकशे ऐंशी.
बाबा खुर्चीतून अर्धे उठले.
"एकशे ऐंशी? अन् मी अजून बसून हाओ?
दीडशेलेच तं सेफ्टी उडे आमची!"
बाबा, हे पौंड नाहीत. हा पारा आहे. मिलिमीटर.
"मंग पौंडात सांग."

चिठ्ठीच्या पाठीवर मी भागाकार मांडला.
साडेतीन. त्यालाही थोडे कमीच.
बाबा हसले, खोकला येईपर्यंत हसले.
"साडेतीन पौंडात तं शिट्टीबी वाजत नाही, बेटा.
उगाच घाबरवते हा माणूस."

भागाकार बरोबर होता.
तरी काहीतरी चुकवून बसले होते मी.

म्हणून पाण्यात सांगितलं, पाणी त्यांना कळतं,
उभा जन्म त्यांनी बॉयलरच्या काचनळीत
पाण्याची रेघ राखली.
या दाबाला उभी नळी द्या, बाबा,
पाणी आठ फुटांवर जाऊन थांबेल.
ती दाराची चौकट बघा, सात फुटांची.
तिच्याही वर एक फूट.
आणि हे मिनिटाला ऐंशी वेळा, झोपेतसुद्धा,
फायरमन नाही, पाळी बदलत नाही.

ते चौकटीकडे बघत राहिले.
पंखा फिरत होता. बाहेर कुणाचं तरी टोकन पुकारलं.
मग एकदम, माझ्याकडे न बघता,
"तुह्या मायचं किती होतं?"

आकडा मला पाठ आहे.
तो कशात सांगायचा, हे कोणत्याच तक्त्यात नाही.

शेडमधलं प्रत्येक गेज शून्यावर असतं
तेव्हाही या गावची हवा बसलेली असते त्याच्यावर,
सातशेतीस मिलिमीटरच्या आसपास.
आम्ही ती धरत नाही.
सर्टिफिकेटवर तळाशी बारीक अक्षरात लिहितो,
मोजमाप वातावरणाच्या वर.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा एकदा बघू.
पट्टा फुगला. काटा वर जाऊन थरथरत थांबला.
तेव्हा बाबांनी मोकळा हात पुढे केला
आणि डायलच्या काचेवर नखानं दोनदा टिचकी मारली,
मिलमध्ये दर तासाला, वहीत लिहायच्या आधी
मारायचे तशी.
काटा एक घर उतरला.

"अटकला होता," ते म्हणाले.
"आता लिहा."