भिंतीवरची वाटी

माझी वेल मादी. नरही होता,
मांजरीनं त्याची मुळं कुरतडून
दुसऱ्याच हिवाळ्यात संपवला.
त्या मुळांची नशा चढते म्हणे त्यांना.

या ग्रॅनाइटच्या खांबांवर पूर्वी द्राक्षं होती.
आता किवी: पानं ताटाएवढी,
फुलं सायीच्या रंगाची,
प्रत्येकीत मधोमध बारीक पांढरी चांदणी
उघडून बसलेली.
मधमाश्या येतात, हुंगतात, निघून जातात.
मध नाही, तर थांबायचं कशाला?

नर आहे तो फुकोच्या परसात.
फुकोशी मी अकरा वर्षं बोलत नाही.
विहिरीचं पाणी. जाऊ दे.

मे सरता सरता एका सकाळी,
मिन्यो नदीवरचं धुकं विरल्यावर,
भिंतीवर टवका उडालेली वाटी,
आत नरफुलं, पिवळेधमक पुंकेसर,
नुकतीच खुडलेली.

मी इकडेतिकडे पाहिलं. शिडी लावली.
एका फुलानं सहा जणींची तोंडं पुसायची,
सातवीला नवं घ्यायचं.
एर्मितास, सत्तरीत तुला हा उद्योग!
हसूच फुटलं. शिडी डगमगली.
पलीकडून कुणीतरी खाकरलं.

नोव्हेंबरात चार टोपल्या उतरल्या.
एक भिंतीवर ठेवली. फळं दगडासारखी,
म्हणून त्यांत एक सफरचंद खुपसलं,
त्याच्या संगतीनं मऊ पडतात.
त्याला ठाऊक असणारच. तरी.

वाटी अजून माझ्याकडेच आहे,
पुढच्या मेपर्यंत राहू दे.
आणि विहिरीचं म्हणाल,
तर चूक त्याचीच होती.